मागच्या पुस्तकातली दोन कलमं

दोन जुलै, बुधवार. पाऊस बारीक, वारा पडलेला. हजर: मी, सुलोचना. दुपारनंतर येणार: जुबेदाभाभी. गैरहजर: भावजी, जहाजावर.

रोपवाटिकेच्या वहीतलं रोजचं पान मी असंच सुरू करते आणि त्याखाली दिवसाची कामं लिहिते. आजचं पहिलं काम कोयकलमांचं. छपराखाली आम्ही दोघी समोरासमोर बसलो आहोत. मध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, बाजूला नुकत्या रुजलेल्या कोयी. कोयीचा तांबूस, लुसलुशीत कोंब वरून छाटायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. खालचं मूळ कुठल्यातरी रायवळ आंब्याचं, वरचा जीव हापूसचा. मग ते पिशवीत लावायचं आणि पिशवीला चिठ्ठी बांधायची: काडी कोणत्या झाडाची. एवढं केलं की काम संपतं. संपायला हवं.

फुटलेल्या कोयीला एक तुरट, ओला वास असतो. पूर्वी तो आला की वर्ष रुळावर आल्यासारखं वाटायचं. गेल्या पावसाळ्यापासून तो वास आला की मला एक पुस्तक आठवतं आणि कपाळाला आठी पडते. सुलोचनाला ते माझ्या चेहऱ्यावर दिसतं. आज सकाळीच म्हणाली, "काय वैनी, परत त्या पुस्तकात शिरलाव का?"

"नाही गो."

"मंग काडी उलटी का धरलाव?"

काडी खरंच उलटी धरली होती.

ते पुस्तक ज्या इंग्रजी गाथेतून निघालं, तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर माझा राग अन्यायाचा वाटेल. ती मूळ पाच खंडांची गाथा मला प्राणप्रिय आहे. माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, व्यापारी जहाजावर असतात. कुठल्याशा बंदरातून त्यांनी ते खंड आणले आणि सुट्टी संपल्यावर माझ्या कपाटात टाकून गेले. माझं इंग्रजी कामापुरतं. तरी एका पावसाळ्यात पाचही संपवले. त्यात जादू आहे, काळोखाचा राजा आहे, बोलणारे डोंगर आहेत. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. त्यातली माणसं चालली की त्यांच्या पायाला फोड येतात. भाकरी संपत आली की कुणीतरी ती मोजतं. दोर विसरला म्हणून दोघं अख्खं पानभर भांडतात. हा लेखक घर चालवलेला माणूस आहे, अशी माझी खात्री झाली.

कलमं बांधता बांधता ती सगळी गोष्ट मी सुलोचनाला सांगितली होती. सुलोचना संगमेश्वराकडची, आत डोंगरात गाव. काळोखाच्या राजाला ती "तो मेला" म्हणायची आणि युद्धाचं वर्णन फार लांबलं की विचारायची, "ता ऱ्हाऊदे, घोड्याला चारा घातलानी का?" घातला होता. पानासकट मी तिला दाखवलं होतं.

दुसऱ्या खंडात एक प्रसंग आहे. सगळे शेकोटीभोवती बसलेत, आणि एक म्हातारी गाणं म्हणते. समुद्रापलीकडे दिवा आणायला गेलेल्या कुणा खलाश्याचं गाणं. त्याचं नाव नाही, गाव नाही. तो दिवा घेऊन परत आला, एवढंच. पुन्हा कुठे त्याचा उल्लेख येत नाही. पण ते वाचून मी पुस्तक मिटून पडवीत बसून राहिले होते. आमच्या भागात कोण समुद्रावर गेलेलं नाही? प्रत्येक घरातून एक तरी. त्या एका ओळीत मला सगळी खाडी दिसली होती.

मग भावजींनी ते दुसरं पुस्तक आणलं. आम्ही घरात त्याला "मागचं पुस्तक" म्हणतो. गाथेच्या मागे जे काही होतं ते सगळं त्यात आहे: जग कसं झालं, देव कोण, देवांच्या आधी कोण, कोणतं युग कधी बुडालं, कुणाचा मुलगा कोण. वीट म्हणून भिंतीत चिणता येईल असं जाड. पहिल्या पानावर पृथ्वी नाही, पाणी नाही, उजेड नाही. फक्त एक गुणगुण आहे. ती गुणगुण अनेक पानं चालते. माझ्यासारखीला त्यात पाय ठेवायला जागाच नाही. पुढे देव येतात, आणि आल्याबरोबर प्रत्येकाला चार चार नावं. लहानपणीचं, शत्रूंनी दिलेलं, मेल्यावरचं आणि एक गुप्त. लेखक हवं तेव्हा हवं ते वापरतो. कुणी जेवत नाही. कुणाला पाय नाहीतच, तर फोड कुठून येणार? "युगं लोटली" असं तो लिहितो आणि खरंच पुढच्या वाक्याला युगं लोटलेली असतात. मधली कामं कुणी केली?

दोनदा सुरू केलं, दोनदा ठेवून दिलं. भावजी दर सुट्टीत चिडवायचे. "वहिनी, वाचलंस?"

"नाही."

"अगं, सगळी मुळं तिथे आहेत."

"मुळं जमिनीत बरी असतात, भावजी."

माझ्या मते वाद तिथे संपला होता.

आता कलमांकडे येते. भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीच्या काठाला जुबेदाभाभीचं घर. नवरा पहिल्यांदा आखातात गेला, त्याच्या पहिल्या सुट्टीत त्याने अंगणात हापूस लावला. बाकी सगळं अंगण जांभ्या दगडाचं, पहार मारली तर ठिणगी उडेल असं. एकच खड्डा त्याने हाताने फोडला आणि त्यात माती भरली. त्या झाडाचा आंबा पिकला तरी देठाजवळ बोटभर हिरवा राहायचा. "माणसासारखाच आहे, पुरता कधी पिकला नाही," भाभी म्हणायची. नवरा गेला त्याला काही वर्षं झाली. झाड उभं होतं.

दोन पावसाळ्यांमागे जुलैच्या वाऱ्याने ते कलंडलं. मुळं अर्धी वर आली. मी तेव्हा राजापूरला आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अडकले होते. भावजी सुट्टीवर होते, त्यांनी रोपवाटिका सांभाळली. भाभीच्या हाकेला धावून गेले, कलंडलेल्या झाडाच्या काड्या आणल्या, सुलोचनाकडून कलमं बांधून घेतली. एरवी काडी काढायच्या आधी काही दिवस तिची पानं छाटून ठेवतात. तेवढी सवड त्या झाडाकडे नव्हती. मग झाड तोडलं गेलं, लाकूड चुलीत गेलं. जे उरलं ते आमच्या पिशव्यांत.

मी परत आले तर पिशव्या रांगेत, पाणी वेळेवर, तण काढलेलं, सगळं छान. फक्त चिठ्ठ्यांवर झाडांचे नंबर नव्हते. वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: सोर्वान. ऊली. हेस्कार. तामीर. आणखी कोण कोण.

"हे काय, भावजी?"

"नंबर काय कोरडे असतात, वहिनी! प्रत्येक झाडाचा स्वभाव बघून नाव दिलंय. मागच्या पुस्तकातली आहेत."

"आणि नंबर कुठे लिहिलेत?"

भावजींनी डोकं खाजवलं. मी चिडले. ते हसले, सगळं लक्षात आहे म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे उद्या सांगतो, परवा सांगतो करत जहाजावर निघून गेले. मीही आईकडे येऊन जाऊन होते. राहिलं ते राहिलंच.

गेल्या जुलैत जुबेदाभाभी छत्री झटकत छपराखाली आली. कलमं वर्षाची झाली होती, लावायच्या जोगी. "मुलगा आलाय गे, इम्तियाज. ईदेपासून सुट्टीवर आहे. जुना खड्डा साफ करतो म्हणतोय. माझं कलम दे."

"देते ना," मी म्हटलं, आणि रांगेसमोर उभी राहिले. सोर्वान, ऊली, हेस्कार, तामीर. एकाही चिठ्ठीवर जुबेदा लिहिलेलं नव्हतं.

बांधताना काडी कुठल्या झाडाची ते सुलोचनाने विचारलं नव्हतं, तरी तिने आपल्या परीने मदत केली. एकेका कलमाचं पान चुरगाळून हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. मी आशेने बघत होते.

"हापूस," ती म्हणाली.

"सगळे हापूसच आहेत, सुलोचना."

"मंग बरोबर."

भावजींना निरोप धाडला. जहाज बंदराजवळ आलं की त्यांच्या फोनला जीव येतो, तोवर वाट बघायची. उत्तर आलं ते असं: "वहिनी, पुस्तक वाच! नावं उगाच दिलेली नाहीत. वाचलंस की कळेल." शेवटी एक दात काढलेलं पिवळं तोंड. मला ते तोंड समुद्रात बुडवावंसं वाटलं.

तर असा तो पावसाळा. बाहेर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, गवत गुडघ्यापर्यंत वाढत होतं, कौलांवर शेवाळ, माचिसची काडी पेटत नव्हती, आणि मी दुपारची जेवणं आटोपून मागच्या पुस्तकातल्या गुणगुणीत शिरत होते. यावेळी पद्धतशीर. समोर कागद, त्यावर चार रकाने, एकेका देवाची चारही नावं. दोन दिवसांत रकाने पुरेनात. एका देवीचं शत्रूंनी दिलेलं नाव तेच दुसऱ्या देवाचं मेल्यावरचं. एक राजा दोनदा मरतो आणि लेखकाला त्याचं काही वाटत नाही. नकाशा आहे, पण किती अंतर म्हणजे किती चाल, ते कुठे नाही. पाऊस आणि ते पुस्तक, दोघांनाही थांबायचं कुठे ते कळत नव्हतं.

तरी काही सुटत गेलं. ऊली म्हणजे झऱ्याची देवता. ती आमची विहिरीजवळची झाडं. सोर्वान म्हणजे हात जळालेला राजा. तो कुंपणाशी असलेला, वीज पडून अर्धा गेलेला आंबा. जमलं की मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला याचा राग यायचा. भावजींनी नावं खरोखर विचार करून दिली होती. तेवढाच विचार नंबर लिहिण्यावर केला असता तर!

एका दुपारी सोर्वानची वंशावळ आली. संपेचना. कंटाळून मी ती मराठी करून मोठ्याने वाचायला लागले: सोर्वानाचा पुत्र अमका, अमक्याने उत्तरेचं खोरं घेतलं, त्याचा पुत्र तमका...

"होय महाराजा!" सुलोचना पट्टी गुंडाळता गुंडाळता खणखणीत आवाजात म्हणाली.

मी थांबले. "काय गो?"

"गाऱ्हाणं घालताव ना? वाचा पुढं."

गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, तसं तिला ते वाटलं होतं. गावकर म्हणजे गावचा मानकरी उभा राहतो, बारा वाटांवरच्या सगळ्या देवांची, चाळे म्हणतात त्या राखणदार भुतांची, हद्दींची नावं घेतो आणि दर वाक्याला जमलेले लोक होय महाराजा म्हणतात. मग मी वाचत गेले आणि ती हुंकार देत गेली. आश्चर्य म्हणजे पानं सरकायला लागली. लहानपणापासून मी गाऱ्हाणी ऐकत आले; त्यातल्या निम्म्या नावांचा मला पत्ता नाही, पण कधी कंटाळा आला नाही. कारण शेवटी काहीतरी मागायचं असतं. पोर सुखरूप येऊ दे, नोकरी लागू दे, गुरं राख. नावं म्हणजे नुसती वाट असते, मागण्यापर्यंत जायची.

"ह्या पुस्तकात कुणी काही मागतच नाही बघ," मी म्हटलं. "नुसती नावं. म्हणून डोकं उठतं."

"आपलं मागणं हाय की, वैनी. भाभीचा आंबा. चालू ठेवा."

मी चालू ठेवलं.

मग भावजींचा दुसरा निरोप आला. यावेळी आवाजी, मागे इंजिनाची घरघर. भाभीच्या झाडाला त्यांनी त्या खलाश्याचं नाव दिलं होतं. शेकोटीच्या गाण्यातला, दिवा आणणारा. "भाभीचा नवरा पण समुद्रापलीकडून आला आणि झाड लावलं ना, म्हणून."

मी फोन खाली ठेवला. माझा खलाशी. एका ओळीतला, नाव नसलेला. त्याला मागच्या पुस्तकात शोधायचं, हे मला नको होतं. तरी शोधलं, कारण जुबेदाभाभीचा मुलगा खड्डा साफ करून बसला होता आणि त्याची सुट्टी संपत आली होती.

खलाशी सापडला. जायचा होता तसाच गेला माझ्या हातातून. त्याला घराणं होतं, जहाजाचं नाव होतं, सासऱ्याशी तंटा होता, तंट्याला तळटीप होती. आणि तो नेमका कोण, याबद्दल लेखकाने दोन हकिगती दिल्या होत्या. पहिलीत हेस्कार नावाचा माणूस दिवा आणायला गेला. इतकी वर्षं इतका समुद्र अंगावर घेऊन आला की दारात कुणी ओळखेना, म्हणून लोकांनी त्याला तामीर हे नवं नाव दिलं. माणूस एकच. दुसरीत हेस्कार वाटेत बुडाला. त्याचा सोबती तामीर दिवा घेऊन आला, आणि हेस्कारच्या घरात, हेस्कारच्या जागी राहिला. खाली लेखकाची ओळ: जुन्या जाणकारांत याविषयी एकमत नाही.

जाणकार! लेखक तो स्वतः, जग त्याचं, माणसं त्याची, बुडवणारा तोच. आणि म्हणे एकमत नाही.

दोन पिशव्या माझ्यासमोर होत्या. हेस्कार आणि तामीर. बाकी सगळी नावं मी लावून टाकली होती; एवढी दोनच कलमं उरली. पहिली हकिगत धरली तर दोन्ही भाभीचीच: भावजींनी काड्या दोनदा आणल्या असतील, तशी नावं दिली असतील. दुसरी धरली तर दिवा आणणारा तामीर. हेस्कार आमच्याच बागेतल्या कुठल्या झाडाचा. की बुडालेला तो हेस्कार म्हणून पडलेल्या झाडाला ते नाव? तेही बसत होतं. मी भावजींना विचारलं: काडी एकदा आणलीत की दोनदा? आणि तुम्ही कोणती हकिगत खरी धरली होती?

उत्तर यायला बरेच दिवस लागले. "वहिनी, फार सुंदर प्रश्न आहे. हल्ली मी दुसरी खरी धरतो. तेव्हा कोणती धरत होतो, आठवत नाही. काड्यांचं तर अजिबातच नाही. पण वाचलंस ना शेवटी?"

त्या दिवशीच्या पानावर माझ्या वहीत फक्त "पाऊस भरपूर" एवढंच आहे. बाकी जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

जुबेदाभाभी आली तेव्हा इम्तियाजची सुट्टी संपायला आठवडा होता. मी तिला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. दुसरं काय करणार? नावं गाळून सांगितलं. एक माणूस समुद्रापलीकडे गेला. परत आला तो तोच होता की दुसराच त्याच्या जागी आला, ते पुस्तकवाल्यालाही सांगता येत नाही. म्हणून तुझं झाड ह्यातलं कुठलं, ते मला सांगता येत नाही. दोन्ही ने.

"दोन कुठे लावू गे बाय? खड्डा एक. बाकी सगळा जांभा."

"मग मला चुकीचं द्यायचं नाही, भाभी. आयुष्यभराचं झाड आहे. फळ यायला वर्षं लागतील, आणि देठाशी हिरवं राहिलं नाही तर?"

भाभीने चहाचा कप बशीवर ठेवला. दोन्ही पिशव्यांकडे बघितलं.

"माझा माणूस पहिल्यांदा गेला तो चार वर्षांनी आला," ती म्हणाली. "गेला तेव्हा काडी. आला तेव्हा पोट, मिश्या, अंगाला कसलं तरी अत्तर. दारात उभा. मी सासूला विचारलं, हाच का? सासू म्हणाली, मना काय ठाऊक, निकाह तुझा झालाय."

सुलोचना खो खो हसायला लागली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घेतला आत. हळूहळू तोच झाला." तिने वाकून जवळची पिशवी उचलली, चिठ्ठी न वाचताच. "आंब्याचं पण तसंच होईल. तू नको त्रास करून घेऊ."

मी त्रास करून घेतलाच. तिच्या हातातल्या पिशवीवर हेस्कार होतं, म्हणजे बुडालेला. ती चिखलातून पुलाच्या रस्त्याकडे निघून गेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कडेवर मूल घ्यावं तशी पिशवी.

आज दुपारी भाभी पुन्हा आली. कलमाने पालवी टाकली आहे, तांबडी, हातभर. इम्तियाजने तिकडून फोनवर सांगितलंय की झाडाला नावाची पत्र्याची पट्टी लाव, फोटो पाठव. भाभीला लिहिता येतं. पण पट्टीवर खिळ्याने अक्षर कोरायचं काम माझं, रोपवाटिकेची पद्धत आहे ती.

"नाव काय घालू?" मी विचारलं.

"तूच सांग ना. पुस्तक तू वाचलंस."

वाचलं, हे खरं. सगळं वाचलं, शेवटच्या तळटिपेपर्यंत. तरी मला आजही ते पुस्तक आवडत नाही, आणि शेकोटीजवळच्या गाण्यातला माझा बिननावाचा खलाशी परत हवा आहे, तो आता मिळणार नाही. पुन्हा ते पान उघडलं की मला सासऱ्याचा तंटा दिसतो. एवढी मुळं उकरून हाती काय आलं, तर दोन नावं आणि एक खड्डा. दुसरं कलम, तामीर, छपराच्या कोपऱ्यात आहे. विकता येत नाही, लावता येत नाही. त्यालाही पालवी फुटली आहे, तीही तांबडी.

भाभी गेली. सुलोचनाने हात धुतले, डबा गुंडाळला. "वैनी, येते. पट्टी झाली काय?"

आजच्या पानावरची सगळी कामं खोडून झाली आहेत. एकच उरलं आहे. पत्र्याची पट्टी टेबलावर आहे, भोक पाडून तार ओवलेली, खिळा शेजारी. पट्टी कोरी आहे.